निवडणूक जिंकलो, पण समोरच्या पक्षाच्या शेजाऱ्यांशी आता बोलायचं कसं?

कोलशेतकर

नमस्कार मंडळी, बरेच दिवस वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदा धागा काढतोय, सांभाळून घ्या.

१५ जानेवारी २०२६ ला ठाणे महापालिकेचं मतदान झालं, १६ ला निकाल. आमच्या प्रभागात अ, ब, क, ड अशा चार जागा, त्यातल्या तीन आमच्या आल्या, ड ची एक त्यांची. आमचा पक्ष कुठला आणि त्यांचा कुठला हे प्लीज विचारू नका, विचारलं की धागा पेटतो आणि मूळ प्रश्न राहतो बाजूला. तुम्हाला हवे ते झेंडे लावून वाचा, काही फरक पडत नाही.

मी सभासद वगैरे नाही, पण यंदा उत्साहात चिठ्ठ्या वाटल्या, मतदानाच्या दिवशी शंभर मीटरच्या बाहेर टेबल टाकून सकाळी सातपासून बसलो. आमच्याच विंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर एक काका आहेत, वागळे इस्टेटमधून रिटायर झालेले, तीस वर्षं समोरच्या पक्षाचे, म्हणजे अगदी कट्टर. पण माणूस असा की सोसायटीच्या टँकरची वही गेली नऊ वर्षं तेच ठेवतात. घोडबंदर साईडला राहणाऱ्यांना टँकरची वही म्हणजे काय ते वेगळं सांगायला नको. लांब रजिस्टर, निळं रबर, दोरीने बांधलेलं पेन, टँकर किती वाजता आला, नंबर काय, पूर्ण भरलेला होता की पाऊण, सगळं त्यांच्या बारीक अक्षरात.

तर निकालाच्या संध्याकाळी आमची मिरवणूक आली आणि नेमकी काकांच्या खिडकीखाली थांबली. नेमकी म्हणजे मुद्दाम, खोटं कशाला बोलू. वीस मिनिटं डीजे, गुलाल, फटाक्यांची माळ लावली. काकी आल्या आणि खिडकी ओढून घेतली, एवढंच दिसलं. त्यात रात्री सोसायटीच्या ग्रुपवर आमच्यातल्या एकाने त्यांच्या पडलेल्या उमेदवाराच्या फोटोला हार घालून भावपूर्ण श्रद्धांजलीची पोस्ट टाकली. मी त्यावर हसणारा इमोजी टाकला. हो, मीच. चार मिनिटांत काका ग्रुपमधून लेफ्ट. दुसऱ्या दिवशी वही वॉचमनकडे देऊन गेले, सेक्रेटरीला दे म्हणाले, बाकी काही बोलले नाहीत.

आता खरं सांगायचं तर मला दोन्ही पाहिजे. एक म्हणजे लाज वाटतेय. आणि दुसरं म्हणजे ड ची जागा आमची थोडक्यात गेली आणि ती मतं आमच्याच दोन-तीन बिल्डिंगमध्ये आहेत हे मला टेबलावर बसून कळलंय. ही माणसं वाईट नाहीत, मुद्द्यांवर बोललं तर पुढच्या वेळी आपल्याकडे येऊ शकतात असं मला मनापासून वाटतं. पण आत्ता तोंड उघडलं की ते खिजवल्यासारखंच होणार. जिंकलेल्याने हरलेल्याशी बोलायचं कसं? बायको म्हणते आधी माणूस परत आण मग मताचं बघ. तिचं बरोबर असेल पण ती टेबलावर बसली नव्हती ना.

गुलालबंदी

आधी आंघोळ करा. कानामागचा गुलाल जाईपर्यंत कुणाच्या दारात जायचं नाही, हा नियम.

नेरूळची आत्या

कोलशेतकर, मी तुमच्या काकांच्या बाजूची. म्हणजे पक्ष तोच की नाही माहीत नाही पण हरलेली बाजू. त्यामुळे आतली बातमी देते.

पहिलं म्हणजे तुम्ही लिहिलंय ना, मुद्द्यांवर बोललं तर येऊ शकतात, हेच आम्हाला सगळ्यात जास्त डाचतं. डीजे परवडला. डीजेवाला निदान स्वतःच्या आनंदात नाचत असतो, पण हा समजावून सांगणारा माणूस दारात येतो तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर लिहिलेलं असतं की बिचाऱ्यांना कळलं नाही, आपण सांगूया. अहो आम्हाला कळतं सगळं. मी पस्तीस वर्षं शाळेत शिकवलंय, समजावण्याचा तो आवाज मला लगेच ओळखू येतो कारण तो माझाच होता.

आता माझं सांगते, कारण मी यावेळी फुटलेले आहे. आमच्या नवी मुंबईत २०१५ नंतर आत्ता निवडणूक झाली आणि चारच्या पॅनलची ही पहिलीच वेळ, आधी एक वॉर्ड एक नगरसेवक होता. मतदान किंक्रांतीला. माझी धाकटी जाऊ दुसऱ्या पक्षाची, घरात आम्ही वीस वर्षं हा विषय काढत नाही, काढला की भाकरी करपते. पण डिसेंबरात ती आली आणि मला म्हणाली, वहिनी तुमच्या सेक्टरमधल्या गार्डनचं टॉयलेट दोन वर्षं बंद आहे ना, त्यासाठी तुम्ही कुणाकुणाकडे गेलात? मी सांगत बसले. ती ऐकत बसली. तिच्या पक्षाचं नाव नाही, लोकसभा नाही, विधानसभा नाही, दिल्ली तर नाहीच. तासाभराने म्हणाली, तुमच्याकडे ब च्या जागेला आमची जी बाई उभी आहे ती त्या टॉयलेटसाठी वॉर्ड ऑफिसला दोनदा गेलीय, खरं की खोटं तुम्हीच विचारा, आणि बाकी तीन मतं तुम्ही तुमच्याच लोकांना द्या, मी काय म्हणणार नाही.

कळलं का? तिने माझा पक्ष मागितला नाही. चारातलं एक मागितलं.

मी त्या बाईला फोन करून विचारलं. खरं निघालं. मग मतदानाला गेले तेव्हा मशीनसमोर उभी राहिले, अ चं दाबलं नेहमीचं, मग ब वर बोट गेलं आणि खरंच सांगते घरातून चोरी करून निघाल्यासारखं वाटलं. आईवडिलांपासूनची सवय हो. दाबलं. मग क आणि ड पुन्हा आपलं. चारही दाबल्याशिवाय तो लांब आवाज येत नाही, तो आला तेव्हा सुटले. घरी येऊन कुणाला सांगितलं नाही, तुम्हालाच सांगतेय.

आणि आता ऐका पुढचं. ती बाई निवडून आली. निकालाच्या दिवशी जाऊबाईंचा फोन आला आणि मी म्हटलं आता हिने विचारलं ना, की वहिनी दिलं का मत, तर संपलं, पुन्हा आयुष्यात देणार नाही. तिने विचारलं नाही. म्हणाली हलव्याचे दागिने कुठून आणले होते तुम्ही मागच्या वर्षी, वाशीहून का. बस. पुढच्या वेळी तिने दोन मागितली तर मी विचार करीन.

तर काकांना मत दिलंत का, कुणाला दिलंत, का दिलंत, यातलं काही विचारायचं नाही. मतदान गुप्त असतं ते काय नुसतं सरकारपासून नाही, शेजाऱ्यापासून पण.

रथसप्तमी २५ ला आहे. तोवर तिळगूळ देता येतो. यापेक्षा चांगलं निमित्त पंचांगात नाही.

शाखेतला पोरगा

आत्या तुमचा प्रतिसाद भारी पण मला एक पटत नाही. सगळे मिरवणुकीच्या नावाने का रडतायत? आमच्याकडे २०१७ नंतर आत्ता पालिका झाली. नऊ वर्षं. नऊ वर्षं पोरं फुकट राबली, रात्री बॅनर लावले, लोकांच्या नळाच्या तक्रारी घेऊन फिरली, २०२२ पासून तर नगरसेवकच नव्हते, प्रशासकाच्या केबिनबाहेर ताटकळत उभे राहिलो, आणि जिंकलं तर एक दिवस नाचायचं पण नाही? हरलो असतो तर त्यांनी आमच्या दारात काय वाजवलं असतं माहितीये मला. २०१७ ला वाजवलेलंच.

नाचलो यात चूक नाही. खिडकीखाली थांबलो ही चूक, आणि श्रद्धांजली तर लयच चूक. घरात कुणी गेलेलं असतं यार, लोकांना ते हाराचे फोटो बघून कसं होतं. एवढं मान्य. बाकी गुलालाची माफी मी मागणार नाही.

गुलालबंदी

पोराचं बरोबर आहे. माझं नाव असं असलं तरी मी गुलालाच्या विरोधात नाही, पत्त्याच्या विरोधात आहे. म्हणजे कुठे उधळला त्याच्या.

जुना बूथवाला

धागा बघून राहवलं नाही. पाचपाखाडीत राहतो, बूथवर १९८६ पासून बसतोय, म्हणजे ठाणे महापालिकेच्या पहिल्या निवडणुकीपासून. दोन पक्ष बदलले, म्हणजे मी एकच बदलला, दुसऱ्या वेळी पक्षच फुटला आणि आम्ही जिथे होतो तिथेच बसून वेगळ्या पक्षात गेलो. ठाणेकरांना कळेल मी काय म्हणतोय.

आणि त्याच्यातच या प्रश्नाचं निम्मं उत्तर आहे. जून २०२२ मध्ये जे झालं त्यानंतर ठाण्यात काय झालं ते आठवा. एकाच शाखेत तीस वर्षं बसलेले लोक, एकाच टेंभीनाक्याच्या देवीला राबणारे, एक इकडे एक तिकडे. मग फेब्रुवारी २०२३ ला नाव आणि धनुष्यबाण एका गटाला मिळालं, दुसऱ्याकडे मशाल राहिली. आता त्यातल्या कुणी विचारांचा अभ्यास करून बाजू निवडली असं तुम्हाला वाटतं का? थोड्यांनी असेल. बाकीच्यांचं असं होतं की माझी आई सिव्हिलला होती तेव्हा रात्री दोन वाजता कोण आलं होतं, पोराच्या ॲडमिशनला कुणी फोन केला होता, तो जिकडे गेला तिकडे मी. निष्ठा ही माणसामार्फत असते. तुम्ही काकांना पक्ष सोडा म्हणता तेव्हा तुम्ही त्यांना त्या रात्री दोनला आलेल्या माणसाला सोडा म्हणत असता. कोण सोडेल? आणि जो सोडेल त्याचं मत घेऊन तरी काय करणार, तो तुम्हालाही सोडेल.

म्हणून आमचे जुने लोक समोरच्याच्या नेत्याला कधी शिवी देत नसत, निदान प्रचारात दारावर तरी नाही. काकांच्या भिंतीवर ज्याचा फोटो आहे त्याच्याबद्दल एक चांगलं वाक्य तुम्हाला मनापासून बोलता येतं का बघा. येत नसेल तर अजून जाऊ नका. येत असेल तर तेही मुद्दाम बोलू नका, आपोआप आलं तर येऊ द्या.

कामाच्या गोष्टी सांगतो. जिंकल्यावर पहिला महिना मत मागायचा नसतोच, आणि खरं तर तोच महिना महत्त्वाचा असतो कारण हरलेला माणूस बघत असतो की हे आता कसं वागतात. माझ्या बूथवर आम्ही एक करायचो, निकालानंतर समोरच्या पक्षाचा जो पोलिंग एजंट आमच्या शेजारी दिवसभर बसलेला असतो ना, त्याला चहाला बोलवायचो. दहा तास एकाच खोलीत बसलेले असतो, त्याने आपल्या डब्यातलं खाल्लेलं असतं, आपण त्याच्या. तो घरी जाऊन सांगतो की माणसं बरी आहेत. त्याचं ऐकतात लोक, तुमचं नाही ऐकणार.

दुसरं, श्रेय. समोरच्याच्या नगरसेवकाने गटार केलं असेल तर ते त्याने केलं म्हणायचं. आपले लोक बोर्ड बदलायला धावतात, पहिल्याच आठवड्यात नाव पुसून आपलं लिहितात, आणि बिल्डिंगमधला प्रत्येक माणूस गॅलरीतून बघत असतो. एका पाटीपायी वीस मतं घालवलेली मी बघितली आहेत.

तिसरं म्हणजे एकेका मताचं मोल. २०२४ च्या विधानसभेला आपल्या शेजारी बेलापूरची जागा किती मतांनी ठरली? ३७७. एका मोठ्या सोसायटीत त्यापेक्षा जास्त मतदार असतात. त्यामुळे वीस काकांनी काय फरक पडतो असं कुणी म्हणालं तर त्याला बेलापूर सांगा.

टेंभीनाक्यापासून चालत दहा मिनिटांवर राहतो पण टेंभा मिरवू नये हे शिकायला मला स्वतःला चार निवडणुका लागल्या, त्यामुळे तुम्ही पहिल्याच निवडणुकीत लाजलात हे चांगलं लक्षण आहे.

आकडेमोड

विरजण घालतो, माफ करा. कुणाचं मन वगैरे वळत नसतं. कॅला आणि ब्रूकमन म्हणून दोन अमेरिकन संशोधक आहेत, त्यांनी २०१८ मध्ये प्रचाराच्या ४९ प्रत्यक्ष प्रयोगांचा हिशेब लावला, दारोदार जाणं, फोन, पत्रं वगैरे, आणि सार्वत्रिक निवडणुकीत या सगळ्याने मत कुणाला द्यायचं यावर सरासरी परिणाम किती, तर शून्य. निवडणुकीच्या खूप आधी थोडा होतो, पण मतदान येईपर्यंत विरून जातो. म्हणजे समोरच्याकडे जाण्यात वेळ घालवण्यापेक्षा आपली जी माणसं संक्रांतीची सुट्टी जोडून गावाला गेली त्यांना थांबवा. त्यात जास्त मतं आहेत.

ऐरोलीचा भूमिपुत्र

आकडेमोड साहेब, अर्धंच सांगितलंत. त्याच दोघांचं २०१६ चं पण आहे, सायन्स मासिकात आलेलं. मायामीमध्ये ट्रान्सजेंडर लोकांबद्दलचा आकस कमी होतो का यावर. दारावर जायचं, भाषण नाही द्यायचं, समोरच्यालाच विचारायचं की तुम्हाला कधी वेगळे म्हणून कुणी वागवलं का, आणि ऐकायचं. दहा मिनिटांचं बोलणं, परिणाम तीन महिन्यांनी पण मोजता आला. आणि गंमत म्हणजे त्याच्या आधी दुसऱ्या एका जोडीचा असाच एक पेपर आला होता, खूप गाजला, आणि त्यातला डेटा बनावट आहे हे ब्रूकमन-कॅला आणि त्यांच्या एका सहकाऱ्यानेच उघड केलं, २०१५ मध्ये तो मागे घेतला गेला. म्हणजे ही माणसं फुकट विश्वास ठेवणारी नाहीत. आता ते मत पक्षाबद्दल नव्हतं, एका प्रश्नाबद्दल होतं, हे मान्य. पण आत्यांच्या जाऊबाईंनी वेगळं काय केलं? प्रश्न विचारला, ऐकलं, पक्ष काढला नाही.

आमच्याकडे याचं मोठं उदाहरण आहे. नवी मुंबई विमानतळाला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्यावं म्हणून १० जून २०२१ ला मानवी साखळी केली, मग २४ जूनला सिडको भवनवर मोर्चा. त्या साखळीत माझ्या डाव्या हाताला ज्या माणसाचा हात होता तो आणि मी एका निवडणुकीत पोलीस स्टेशनला एकमेकांविरुद्ध तक्रार देऊन बसलेलो. उजव्या हाताला तिसऱ्याच पक्षाचा सरपंच. पाऊस, कोरोनाचे मास्क, हातात हात. सिडकोसाठी आमची जमीन गेली तेव्हा, त्याच्या आंदोलनात १९८४ ला जासईला पोलिसांच्या गोळ्या लागल्या तेव्हा कुणी पक्ष विचारला नव्हता. तो डावीकडचा मला अजून मत देत नाही, मी त्याला देत नाही. पण त्याच्या घरातली दोन मतं यंदा मला माहितीये कुठे गेली. त्याच्या मुलाने स्वतः येऊन सांगितलं, मी विचारलं नव्हतं.

आणि अजून एक, ठाण्यातल्या लोकांनी फार ताणून धरू नका राव. यंदाच बघा, तेच दोन मित्रपक्ष ठाण्यात हातात हात घालून लढले आणि खाडी ओलांडून आमच्याकडे आले की एकमेकांच्या विरोधात. आमच्याकडे २०२४ ला बाप एका पक्षातून ऐरोलीत उभा आणि मुलगा दुसऱ्या पक्षातून बेलापूरला. ज्यांच्यासाठी आपण शेजाऱ्याच्या खिडकीखाली माळ लावतो ते उद्या एका स्टेजवर असतात, आणि काका मात्र आपल्याच मजल्याखाली.

आकडेमोड

हो मायामीचं विसरलो नव्हतो, सोयीने गाळलं होतं. मान्य. पण दहा मिनिटं नीट ऐकणारे कार्यकर्ते आणणार कुठून? आपल्याकडे दोन मिनिटांत चिठ्ठी देऊन लिफ्ट धरून ठेवायला सांगतात.

शाखेतला पोरगा

लिफ्टचं बरोबर आहे 😂 पण एका दिवसात चारशे घरं द्यायची असतात ओ आम्हाला.

नेरूळची आत्या

पोरा, चारशे घरं निवडणुकीत. आत्ता तुला काय घाई आहे? आत्ता एका घरी जा आणि बस.

कोलशेतकर

मंडळी, अपडेट देतो, लांब आहे.

शनिवारी संध्याकाळी तिळगूळ घेऊन गेलो, २४ ला. एकटा जाणार होतो, बायको म्हणाली तू एकटा गेलास तर दारातून परत येशील, मग दोघं गेलो. काकींनी दार उघडलं, बायकोला आत घेतलं, मला पण घेतलं पण ते ओघाने. काका टीव्ही बघत होते. मी आत्यांनी सांगितलं तसं ठरवून गेलो होतो की काही समजवायचं नाही. म्हटलं काका त्या पोस्टवर मी हसलो होतो, चुकलं. त्यांनी टीव्हीचा आवाज कमी केला. म्हणाले, कुठली पोस्ट? त्यांना माहीत होतं कुठली. मला पुन्हा सांगायला लावलं, पूर्ण, हाराचा फोटो वगैरे, सगळं माझ्या तोंडून. मग म्हणाले, तिळगूळ चांगला आहे, घरी केला का? बाहेरचा होता. ते पण सांगावं लागलं.

पक्षाचं एक अक्षर निघालं नाही. बूथवाल्यांनी सांगितलेलं ते चांगलं वाक्य मी तयार ठेवलं होतं, त्यांच्या भिंतीवरच्या फोटोबद्दल, पण ते काढायला गेलो असतो तर पाठ केलेलं आहे हे कळलं असतं, नाही काढलं.

उठताना म्हटलं काका सोमवारी झेंडावंदनाला आपले नवीन नगरसेवक येणार आहेत, पाण्याचं त्यांच्यासमोर तुम्ही बोलाल का, टँकरचा हिशेब तुमच्याइतका कुणालाच माहीत नाही. ते म्हणाले वही सेक्रेटरीकडे आहे. म्हटलं वही मी घेऊन येतो. त्यावर हो नाही, नाही पण नाही.

रविवारी सेक्रेटरीकडून वही आणली. वॉचमनला दिल्यापासून नऊ दिवसांचं पान कोरं होतं, कुणी भरलंच नव्हतं. टँकर येत होते, पैसे जात होते, कुणी लिहीत नव्हतं. मी टँकरवाल्याच्या पावत्या शोधून, वॉचमनला विचारून विचारून ते नऊ दिवस भरले, पेन्सिलने, कारण माझी हिंमत नाही झाली पेनाने लिहायची.

२६ ला झेंडावंदन झालं, आमचे तिघं नगरसेवक आले, मागे पोरं. सेक्रेटरींनी माईक काकांकडे दिला. काकांनी वही उघडली, पेन्सिलवर एकदा बोट फिरवलं, माझ्याकडे बघितलं नाही, आणि वाचायला सुरुवात केली. एप्रिल, मे, जून, महिन्याला किती टँकर, किती पाऊण भरलेले, किती पैसे. सात-आठ मिनिटं. आमच्या पोरांची चुळबुळ चाललेली, एक जण मला खुणा करत होता की आवरायला सांग, मी दुसरीकडे बघत उभा. आमच्या तिघांतल्या बाईंनी मात्र कागद काढून आकडे उतरवून घेतले, हे बरं झालं, आणि काकांनी ते बघितलं.

वाचून झाल्यावर काका माईकवरच म्हणाले, या प्रभागाला चार नगरसेवक आहेत, इथे तीनच दिसतात, चौथ्याला कुणी बोलावलं? शांतता. कुणीच बोलावलं नव्हतं. कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. मला सुद्धा नाही, इथे एवढे प्रतिसाद वाचूनही नाही.

पोरांचं तोंड कडू झालं, त्यातला एक मला नंतर गेटवर म्हणाला तू आमच्याबरोबर आहेस की त्यांच्याबरोबर. त्याला काय उत्तर द्यायचं ते मला सुचलं नाही, सुचलं की लिहीन.

काका जिन्यात भेटले. पाण्यासाठी चौघांची एकत्र मीटिंग लाव म्हणाले, प्रभाग समितीत चौघं एका आवाजात बोलले तर काहीतरी होईल, नाहीतर तिघं एकाचं नाव सांगतील आणि एक तिघांचं. म्हटलं लावतो, ड वाल्या साहेबांचा नंबर द्या, तुमच्याकडे असणार. म्हणाले आहे, पण मी देणार नाही, तुला पाहिजे तर तू शोध आणि तूच फोन कर, मी मधे नाही.

वही घेऊन वर गेले. वॉचमन सांगत होता आज सकाळचा टँकर त्यांनीच लिहिला, पेनाने.

ग्रुपमध्ये परत यायला मात्र नाही म्हणाले.

तर मंडळी, ज्याच्या विरोधात मी महिनाभर चिठ्ठ्या वाटल्या त्या नगरसेवकाचा नंबर मला शोधायचाय, आणि फोनवर पहिलं वाक्य काय बोलायचं तेही. कुणी सांगू शकत असेल तर व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा.